भात्यावरचा हात

मावळातल्या कुठल्याही गावात सप्ताह बसला, की मांडवात वीणा, पखवाज आणि टाळांच्या जोडीला पेटी येतेच. पेटीवाला आधी बुवांची पट्टी विचारून घेतो. काळी दोन, पांढरी चार, जी असेल ती. मग उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. अभंग कितीही रंगला, गजर कितीही चढला, तरी डाव्या हाताचं काम बदलत नाही. त्याने हवा भरत राहायची. सूर सगळे उजव्याचे.

हा डावा हात या लेखाचा विषय आहे. पेटी आणि पियानो यांच्या पट्ट्यांची मांडणी एकच, सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. त्यामुळे पेटीवर हात बसलेला माणूस लोणावळ्याच्या एखाद्या जुन्या बंगल्यातल्या पियानोसमोर किंवा तळेगावच्या फ्लॅटमधल्या डिजिटल पियानोसमोर बसला, तर ऐकलेल्या गाण्याची चाल तिथल्या तिथे काढून दाखवतो. अडतो तो त्यानंतर. पियानोला भाता नसतो. डावा हात रिकामा होतो, आणि जॅझ शिकायचं असेल तर सगळ्यात जास्त शिक्षण त्या रिकाम्या झालेल्या हाताचंच करावं लागतं.

जॅझवाले ज्यांना स्टँडर्ड म्हणतात, ती गाणी बरीचशी मूळची जॅझची नव्हेत. ब्रॉडवेवरची संगीतकं आणि हॉलिवूडचे बोलपट यांच्यासाठी साधारण १९२० ते १९५० या काळात लिहिली गेलेली ती लोकप्रिय गाणी. जॅझच्या वादकांनी ती उचलली, शब्द बाजूला ठेवले, चाल आणि तिच्याखालून जाणारी कॉर्डांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, वाट तेवढी ठेवली आणि त्यावर आपापला विस्तार सुरू केला. एकमेकांना कधी न भेटलेले दोन वादक आज पणजीत किंवा पॅरिसमध्ये भेटले, गाण्याचं नाव आणि पट्टी ठरली, की तालमीशिवाय एकत्र वाजवू शकतात. ख्याल ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ‘यमन, मध्यलय तीनताल’ एवढं कानावर पडलं की आपला तबलजी आणि पेटीवाला तयारच असतो. बंदिश चार ओळींची असते आणि मैफल तासाची होते. स्टँडर्डचंही तसंच आहे. छापील कागद एक पानाचा, त्यावर एकेरी चाल आणि वर कॉर्डांची नावं. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत जसा बंदिशीचा सांगाडा मिळतो आणि गाणं गुरूकडून घ्यावं लागतं, तसाच हा कागद.

नवशिक्याच्या हातात पहिलं स्टँडर्ड म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी ‘ऑटम लीव्ह्ज’ ठेवलं जातं. या गाण्याचा प्रवास मोठा आहे. जोसेफ कोस्मा हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला संगीतकार १९३३ मध्ये पॅरिसला आला. १९४५ मध्ये एका बॅलेसाठी त्याने जे संगीत केलं, त्यातून ही धून आली. कवी झाक प्रेव्हेर यांनी तिला फ्रेंच शब्द दिले आणि मार्सेल कार्ने यांच्या १९४६ च्या ‘ले पोर्त द ला न्युई’ या चित्रपटातून ती लोकांसमोर आली. पुढे जॉनी मर्सर यांनी इंग्रजी गीत लिहिलं. १९५५ मध्ये रॉजर विल्यम्स यांची पियानोवरची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. वरून खाली कोसळणाऱ्या सुरावटींचं ते वादन गोड आहे, पण जॅझ नव्हे. मार्च १९५८ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली आणि ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस यांनी तीच धून गंभीर आणि संयत करून वाजवली. मग डिसेंबर १९५९ मध्ये बिल एव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बासवर आणि पॉल मोशन ड्रमवर असे तिघे बसले. या वादनात बास नुसता साथीला उरत नाही. पियानोने प्रश्न टाकावा आणि बासने अर्ध्या वाटेत उत्तर द्यावं, असा मामला आहे. शिकणाऱ्याने ही तिन्ही मुद्रणं एका बैठकीत ऐकावीत. गाणं एकच असून पाच वर्षांच्या आत त्याची तीन वेगळी माणसं झालेली दिसतात, आणि आपल्यालाही त्यात जागा आहे असा धीर येतो.

चालीची ठेवण पेटीवाल्याला लगेच कळते, कारण तो पलट्यांवर वाढलेला असतो. तीन सूर पायरीपायरीने वर, मग एक उडी आणि तिथे मुक्काम. पुढच्या खेपेला तीच आकृती एक पायरी खाली, त्याच्या पुढे आणखी एक पायरी खाली. एकूण रचना ३२ बारची, आठ-आठ बारच्या चार तुकड्यांची. पहिले दोन तुकडे सारखे, पुढचे दोन वेगळे. बारमध्ये चार मात्रा, म्हणजे पूर्ण आवर्तन १२८ मात्रांचं. समेवर येण्याची सवय असलेल्या कानाला हे आवर्तन लांब वाटतं खरं, पण हरवल्यावर परत सापडण्याची रीत तीच. आतल्या खुणा ओळखायच्या.

आता डावा हात.

छापील पुस्तकांत हे गाणं पुष्कळदा ई मायनरमध्ये दिलेलं असतं. पेटीवाल्याच्या भाषेत पांढरी तीन. पहिल्या आठ बारांत डाव्या हाताला एकापाठोपाठ सात मूळ सूर घ्यायचे असतात: पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी एक, काळी तीन, पांढरी सात आणि शेवटी घर, पांढरी तीन. पाठ करायला गेलं तर ही यादी रुक्ष वाटते. कानाने घेतली तर तिच्यात एक साधी चाल सापडते. पांढरी सहाला सा माना, पांढरी दोन हा तिचा मध्यम. आता पांढरी दोनलाच सा माना, पांढरी पाच हा तिचा मध्यम. षड्ज-मध्यम भावाची ही साखळी शेवटपर्यंत चालते. फक्त एकदा, पांढरी एकवरून काळी तीनवर जाताना, शुद्धाऐवजी तीव्र मध्यम लागतो. तो लागला नसता तर ही वाट बाराच्या बारा पट्ट्या फिरून आली असती. त्या एका तीव्र मध्यमामुळे ती सप्तकातल्या सातच सुरांत राहते आणि सातव्या पावलाला घरी पोहोचते.

मूळ सूर बसले की त्यांच्यावर कॉर्ड उभे करायचे. नवशिका इथे घाबरतो, कारण पुस्तकात प्रत्येक कॉर्डचे चार सूर लिहिलेले असतात आणि चार बोटं उचलून पुढच्या चार पट्ट्यांवर टाकताना गाणं तुटतं. जाणकार शिक्षक त्याला चारांतले दोनच सूर ठेवायला सांगतात, कॉर्डचा गंधार आणि निषाद. मूळ सूर बासवाला सांभाळतो, पंचम सोडला तरी चालतो. हे दोन सूर हातात घेतले की जे घडतं ते पियानोवर प्रत्यक्ष करून पाहण्यासारखं आहे. पहिल्या कॉर्डसाठी पांढरी एक आणि तिच्यावरची पांढरी पाच दाबायची. दुसऱ्या कॉर्डसाठी फक्त वरचं बोट अर्ध्या सुराने उतरवून काळी तीनवर आणायचं, खालचं जागचं हलवायचं नाही. तिसऱ्यासाठी वरचं तसंच ठेवून खालचं एकवरून मंद्रातल्या पांढरी सातवर. चौथ्यासाठी वरचं काळी तीनवरून पांढरी तीनवर. पाचव्यासाठी खालचं सातवरून सहावर. सहाव्यासाठी वरचं तीनवरून काळी दोनवर. शेवटी खालचं सहावरून पाचवर उतरतं आणि वरचं पुन्हा पांढरी तीनवर चढून बसतं. सात कॉर्ड झाले, आणि शेवटचा सोडला तर प्रत्येक वेळी एकच बोट हललं, तेही जास्तीत जास्त एका पूर्ण सुराइतकं. ज्या कॉर्डांची नावं वाचून धडकी भरत होती ते दोन बोटांच्या चिमटीत मावले.

यातली काळी दोन विशेष आहे. बाकी सगळा वेळ उजव्या हाताला एकाच सप्तकात फिरता येतं. पांढरी पाचला सा धरलं तर तो बिलावल थाट, त्याच सुरांना पांढरी तीनवरून पाहिलं तर आसावरी थाट. सहाव्या कॉर्डवर मात्र काळी दोन येते, म्हणजे पांढरी तीनचा शुद्ध निषाद, आणि तेवढ्यापुरते सूर किरवाणीचे होतात. त्या निषादाच्या ओढीनेच पुढचं घर घर वाटतं. आपल्याकडे किरवाणी वाजवणाऱ्याला हे सूर हातचे असतात. धोकाही तिथेच. एकदा किरवाणी सापडली की तिची अंगं घेत राहावंसं वाटतं, आणि खाली कॉर्ड पुढे निघून गेलेले असतात.

कारण खरा फरक सा या एका सुराचा आहे. आपल्या गाण्यात तंबोरा सुरू झाला की सा हलत नाही. प्रत्येक सुराचं नाव, मान आणि भाव त्या सा शी असलेल्या अंतरावर ठरतो. मूर्च्छनेच्या अंगाने गाणारे दुसऱ्याच सुराला सा मानल्याचा भास क्षणभर करतात, आणि रसिक चपापून दाद देतात. स्टँडर्डमध्ये पायाखालचा सूर दर बारला सरकतो. उजव्या हाताने नुसती पांढरी एक दाबावी, पुन्हा पुन्हा तीच, आणि डाव्या हाताने ते सात मूळ सूर एकेक करून लावावेत. पांढरी सहाच्या वर ती कोमल गंधार वाटते. पांढरी दोनच्या वर कोमल निषाद. पांढरी पाचच्या वर मध्यम, आणि तो मध्यम अवघडल्यासारखा लोंबकळतो. स्वतःच्या सुरावर ती सा होते. काळी तीनवर तीव्र मध्यम, पांढरी सातवर कोमल ऋषभ, पांढरी तीनवर कोमल धैवत. पट्टी एक, अर्थ सात. हा अनुभव कानाला एकदा मिळाला की पुढचं सगळं शिक्षण सोपं होतं असं नाही, पण ते कशासाठी चाललंय ते कळतं.

पट्टीच्या वाद्यावर आपल्याकडे मोठा वाद झाला, तो या ठिकाणी आठवायला हवा. बारा सूर सारख्या अंतरावर कायमचे ठोकून बसवलेले, मींड नाही, श्रुती नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी दूर ठेवली. रागसंगीताच्या दृष्टीने त्या आक्षेपात तथ्य आहे. पण ज्या संगीतात सा दर चार मात्रांनी घर बदलतो, तिथे बाराही घरं सारखी राहण्याजोगी असावी लागतात. तेच समान अंतर तिथे उपयोगी पडतं. पेटीचा जो दोष म्हणून सांगितला गेला त्याच्यावर जॅझचा पियानो उभा आहे.

मग आपल्या पट्टीवादकांनी दुसरा हात का वापरला नाही? हाताने भाता मारायच्या पेटीत तो वापरणं शक्यच नव्हतं. संगीत नाटकांच्या जमान्यात पायाने भाता मारायचा ऑर्गन आला आणि दोन्ही हात मोकळे झाले. तरी साथीचा रिवाज गायकाच्या मागे मागे जाण्याचाच राहिला, आणि ते योग्यही होतं, कारण गाणाऱ्याला खाली कॉर्ड नको होते, सुरांची भरीव सोबत हवी होती. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला एकलवादनाची प्रतिष्ठा दिली तीही रागाच्याच वाटेने. डाव्या हाताची विद्या महाराष्ट्रात आली ती दुसऱ्या दाराने, गोव्याहून.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना आधी सोल्फेज शिकवत, म्हणजे कागदावरचे सूर पाहून गाणं. व्हायोलिन वगैरे हातात येई ते त्यानंतर. चर्चमध्ये चार आवाजांत गायलेली भजनं रोज कानावर पडत, त्यामुळे एका सुराखाली दुसरा सूर असतो हे त्या मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नसे. ही मुलं मोठी होऊन मुंबईला आली. तिथे १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा बँड आला. त्याच दशकात टेडी वेदरफर्ड हा पियानोवादकही ताजमध्ये वाजवू लागला. शिकागोत १९२० च्या दशकात नाव कमावलेला हा माणूस पूर्वेकडे आला आणि इकडचाच झाला. १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने तो गेला. अशांच्या शेजारी बसून, त्यांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचललं. कागद वाचता येत होता, पण स्विंग कागदावर लिहिलेला नसतो. तो त्यांनी कानाने घेतला.

हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच, जन्म १९१६. ट्रम्पेट वाजवायचे. चिक चॉकलेट या नावाने ते मुंबईत गाजले आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. दिवसा चित्रपटांचे स्टुडिओ आणि रात्री हॉटेलं, असं त्या पिढीचं आयुष्य. तिथे त्यांची गाठ पडली पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी.

चितळकर म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र हे या विषयातलं मराठी माणसाचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. १९१८ चा जन्म, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाण्याची तालीम, आणि मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटीची साथ. म्हणजे उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर ठेवून वाढलेला माणूस. त्यांनी चिक चॉकलेटना साथीदार म्हणून घेतलं, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तर चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. १९५७ च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ रॉक अँड रोलच्या अंगाचं, आणि त्यात कोंकणी शब्दही शिरले आहेत. चाल चितळकरांच्या गळ्यातून यायची, कॉर्ड आणि वाद्यांची मांडणी गोव्याच्या हातांतून. एका गाण्यात दोन माणसांचे दोन हात एकत्र आले, असंच ते काम होतं. पुढे १९७० मध्ये ‘घरकुल’साठी त्यांनी मराठी चाली बांधल्या. त्या ऐकताना खालच्या कॉर्डांकडे मुद्दाम कान द्यावा. मराठी शब्दांखाली ती वाट किती सहज सरकते ते जाणवतं.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे तर संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शंकर-जयकिशन यांचं संयोजन दीर्घकाळ सेबॅस्टियन डिसोझांच्या हातात होतं. १९६८ मध्ये या जोडीने उस्ताद रईस खाँ यांची सतार घेऊन रागांवर जॅझची एक तबकडीच काढली. त्याच्या आधी १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले होते आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत बसले होते. १९७८ मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. आणि १९८८ च्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’मध्ये अशोक पत्की यांची भैरवीतली चाल आणि दार्जिलिंगमध्ये जन्मलेले जॅझ पियानोवादक लुई बँक्स यांचं संयोजन एकत्र आलं. पंडित भीमसेन जोशींचा आवाज सगळ्यांच्या कानात आहे. त्याच्याखाली बँक्स यांनी काय केलंय ते ऐकायला एकदा फक्त खालचे सूर धरून ते गाणं ऐकावं.

मुंबईत आणि गोव्यात हे घडत असताना मावळ बाजूलाच होता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचे साहेब आणि पारशी कुटुंबं लोणावळा-खंडाळ्याला बंगले बांधून राहू लागली. अशा घरांच्या दिवाणखान्यात पियानो ही नेहमीची वस्तू होती. तळेगावात कलापिनी आणि श्रीरंग कलानिकेतन या संस्थांनी नाटक-गाण्याची आवड जोपासली, पण तो प्रवाह वेगळा. दोन्ही एकमेकांना फारसे भेटले नाहीत. शेजारी राहूनही न भेटलेल्या या दोन परंपरा एका शिकणाऱ्याच्या दोन हातांत भेटू शकतात, हीच या खटाटोपातली मोठी गोष्ट आहे.

लोणावळ्यात पियानो ठेवणं मात्र सोपं नाही. इथे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. पियानोच्या पोटात सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण सुमारे १८ ते २० टन. हा ताण पेलणारी चौकट लोखंडाची असली तरी सूर वाढवणारा साउंडबोर्ड स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाचा असतो. जुलैत हे लाकूड दमट हवा पिऊन फुगतं, वर उचललं जातं, तारा ताणल्या जातात आणि मधल्या सप्तकाचा सूर चढतो. डिसेंबरात तेच लाकूड आकसतं आणि सूर उतरतो. पट्ट्यांच्या खालचं नमद्याचं अस्तर फुगलं की दाबलेली पट्टी वर येत नाही. तारांना गंज धरतो. हॅमरच्या लोकरीला कसर लागते. म्हणून जुन्या घरांत पियानोच्या आत कमी वॅटचा एक दिवा सतत पेटता ठेवायची पद्धत आहे, आतली हवा कोरडी राहावी यासाठी. बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला पियानो चिकटवून ठेवत नाहीत. आणि ट्यूनरला बोलवायचं ते पाऊस सरल्यावर, लाकूड जरा स्थिरावल्यानंतर. पावसाच्या ऐन भरात सूर लावून घेतला तर दिवाळीपर्यंत तो पुन्हा हललेला असतो. या सगळ्यामुळे बरेच जण डिजिटल पियानो घेतात. जॅझसाठी घ्यायचा तर ८८ पट्ट्यांचा आणि जड पट्ट्यांचा घ्यावा. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर सूर हळू-जोरात करण्याची बोटांची ताकद तयार होत नाही, आणि ज्याला पेटी वाजवताना हे सगळं भात्याने साधायची सवय आहे त्याला तर ती ताकद नव्यानेच कमवायची असते.

हात स्वतंत्र करण्याचं काम उरतं. इथे मावळचा माणूस अगदी कोरा नाही. मळवली स्टेशनवरून चालत जाता येणाऱ्या भाजे लेण्यांत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या दगडात, नाचणारी स्त्री आहे आणि तिच्या जोडीला ताल धरणारी दुसरी, दोन्ही हातांखाली दोन तालवाद्यं घेतलेली. पखवाजाची धूम आणि शाई, तबल्याचा डग्गा आणि चाटी, यांत डावा हात कधीच नुसता हवा भरत बसलेला नव्हता. पेटीवाल्याने आपल्या शेजारी बसलेल्या पखवाजीचा डावा हात पाहावा. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, कुठे गप्प राहायचं हे सगळं त्यात आहे, आणि पियानोवरच्या डाव्या हाताला नेमकं हेच हवं असतं. जॅझमध्ये कॉर्ड प्रत्येक मात्रेवर ठोकत नाहीत. ते मात्रेच्या जरा आधी, जरा नंतर, मोजके टाकतात.

स्विंगची गोष्ट याच्या जवळची. मात्रेचे दोन भाग करायचे, पण सारखे नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दादऱ्याच्या झोलासारखे तिनातले दोन आणि एक. वजन पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर न देता दुसऱ्या-चौथ्यावर. टाळकऱ्याला हे सुरुवातीला उलटं वाटतं. मेट्रोनोम निम्म्या गतीवर ठेवून त्याचा प्रत्येक ठोका दुसरी किंवा चौथी मात्रा आहे असं धरून वाजवायचं, हा यावरचा सर्वमान्य उपाय. पहिल्या काही मिनिटांत मन पुन्हा पुन्हा त्या ठोक्यालाच पहिली मात्रा समजतं. मग एका क्षणी ठोका बाजूला जाऊन बसतो आणि हात चालायला लागतात.

पाठांतराचा क्रमही सांगण्यासारखा आहे. आधी चाल गळ्यातून म्हणायची, पट्टीला हात न लावता. मग मूळ सूर म्हणायचे. मग त्या दोन बोटांतल्या एका बोटाची ओळ म्हणायची, कारण ती ओळ स्वतः एक सुरेल उतरती चाल आहे. डाव्या हाताने कॉर्ड आणि गळ्याने चाल असं जमलं, की उजवा हात आणायचा. ही तालीम पियानोशिवायही होते. पुणे-लोणावळा लोकलमध्ये कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव जात असताना कानात बिल एव्हान्स लावून ३२ बारांच्या खुणा मोजता येतात, आणि सोलो कितीही गुंतागुंतीचा झाला तरी आवर्तन कुठे सुरू झालं ते ओळखता येऊ लागलं की घरी पियानोवर बसल्यावर फरक कळतो. विस्तार सुरू करताना नवे सूर शोधत बसू नये. चालीतलाच एखादा सूर लांबवावा, एखादा उशिरा घ्यावा, एखाद्याला वरच्या सुराने शिवून यावं. बंदिशीचा मुखडा चार तऱ्हांनी घेणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

‘ऑटम लीव्ह्ज’ हाताखाली आलं की तीच सात पावलांची वाट इतर गाण्यांत भेटू लागते. बार्ट हॉवर्ड यांच्या १९५४ च्या ‘फ्लाय मी टू द मून’मध्ये ती मायनरच्या घरातूनच निघते आणि वळसा घालून तिथेच येते, तीव्र मध्यमाची ती एक उडी वाटेत घेऊन. जेरोम कर्न यांच्या १९३९ च्या ‘ऑल द थिंग्ज यू आर’मध्येही सुरुवात ओळखीची वाटते. पाच पावलं अगदी सवयीची. मग वाट काळी एकवरून पांढरी पाचवर उडी मारते, तिथून पांढरी एकवर उतरते, आणि डाव्या हाताच्या लक्षात येईपर्यंत गाणं दुसऱ्याच पट्टीत गेलेलं असतं. पुढच्या तुकड्यांत ते आणखी तीन पट्ट्यांत शिरून मग मूळ घरी येतं. पेटीवाल्याने इतकी वर्षं बुवांना सुरुवातीला एकदाच पट्टी विचारली. इथे ती गाणं चालू असताना पाच वेळा बदलते, आणि दर वेळी ती आधी डाव्या हाताला कळावी लागते.